गादीवाल्याचा घोटा

आमच्या ग्रीकमध्ये गादीला स्त्रोमा म्हणतात.
वोलोसच्या बंदरामागे, मासळीच्या गोदामाला लागून
बाबांचं दुकान होतं. पाटीवर एवढंच: थ्रासीवुलोस, गाद्या.
लोकर पिंजून, उन्हात पसरून, पुन्हा भरून द्यायचे.
गिऱ्हाईक तासभर वरचं कापड निवडायचं, पट्टे की फुलं,
आणि बाबा मला हळूच सांगायचे,
कापडावर कुणी झोपत नाही, पॉलिक्सेनी.
झोपतात ते भरणावर.

मी इस्पितळाच्या तळघरात काचपट्ट्या रंगवते.
पातळ काप, दोन रंग, जांभळा आणि गुलाबी.
डॉक्टर आधी वरचा थर बघतात, मग ग्रंथी,
ज्यांना नावगाव आहे ते सगळं बघतात.
आणि मधल्या मोकळ्या जागेत, तंतूंच्या आडोशाला,
चातीसारख्या बारीक, दोन्ही टोकांना निमुळत्या,
या.
अहवालात त्यांना एक ओळ मिळते. कधी तीही नाही.
स्त्रोमा. गादी.

अकरा महिने बाबांचा घोटा उघडा होता.
आधी नाण्याएवढा, मग बशीएवढा.
खपली धरायची नाही, नुसतं ओलं राहायचं.
पट्टी बदलताना ते खिडकीबाहेर बघत
जहाजांची नावं वाचायचे.
त्याच घोट्याचा तुकडा मी काचेवर घेतला
(नियमात बसत नाही; नाव झाकून घेतला).
पेशी होत्या. जागेवर होत्या.
म्हाताऱ्या, फुगलेल्या, हातावर हात ठेवून,
संप मिटल्याचं कुणी कळवलंच नाही
अशा कामगारांसारख्या.

मग अथेन्सहून बर्फाच्या डब्यातून दुसऱ्या आल्या,
कुणा अनोळखी बाळाच्या नाळेतल्या.
डॉक्टर कालिरोईंनी जखमेच्या कडेकडेनं टोचल्या.
मला वाटलं, आता या विणतील.
विणलं नाही.
आठवड्याभरात बहुतेक मेल्या.
पण जाता जाता काहीतरी बोलून गेल्या असाव्यात,
कारण बाराव्या दिवशी तळ लाल झाला, दाणेदार,
डाळिंब फोडावं तसा,
आणि आमच्याच, घरच्या, मी आळशी ठरवलेल्या,
उठून कामाला लागल्या होत्या.
दोरे ओढत, कडा जवळ आणत, दोरे ओढत.

बाबांना सांगितलं तर म्हणाले,
पिलिओनच्या डोंगरातून तो पिंजारी यायचा, आठवतो?
तीन दिवस राहायचा, एक गादी शिवायचा नाही,
नुसता बोलायचा.
तो गेला की तुझी आई महिनाभर गात काम करायची.

आईचा विषय निघाला की मी पट्टी गुंडाळू लागते.
तिच्या फुप्फुसांत याच होत्या. याच चात्या.
कसलीशी इजा झाली असेल, लोकरीची धूळ, कुणास ठाऊक.
त्या आल्या, विणलं, भरलं
आणि थांबल्याच नाहीत.
श्वासाची जागासुद्धा भरून टाकली.
तिची काचपट्टी मी रंगवली नाही.
त्या दिवशी मला सुट्टी दिली होती.

ऑगस्टात घोटा बुजला.
वण फिका, गुळगुळीत; तिथे केस येणार नाहीत, घामही नाही.
आतले धागे एकाच दिशेनं ओढलेले,
मूळच्या कातडीची चटईसारखी वीण नाही.
पहिली ताकद यायची नाही, डॉक्टर म्हणाल्या, जपा.

बाबांनी अंगठ्यानं दाबून पाहिलं,
परत आलेल्या गादीचा कोपरा दाबायचे तसं.
घाईत भरलंय, म्हणाले. टाके एकसारखे नाहीत.
पण चालेल.
मग अंथरूण पाहून पाय पसरले:
खाटेच्या कडेवरून खाली, फरशीवर,
आधी चांगला,
मग तो.