मुदतीनंतर

फ्रिजच्या दारात, मोहरीच्या बाटलीला टेकून
अजून एक पेन उभं आहे. सगळ्यात लहान डोसाचं.
रविवारी टोचायचं, असा दीड वर्षाचा नेम.
आज रविवार आहे
आणि मी त्याला नुसतं बघून दार लावते.

डॉक्टर मोइलानेन म्हणाल्या होत्या, एकदम नको, रायली.
ड्रायव्हर आहेस तू, तुला काय सांगायचं,
बर्फावर ब्रेक कधी कचकन दाबतेस का?
मग डोस खाली आला. मग आठवड्याचे दहा दिवस झाले,
दहाचे चौदा,
कॅलेंडरातले शाईचे ठिपके
एकमेकांपासून लांब लांब राहायला गेले.

माझी गाडी म्हणजे चाकांवरचं ग्रंथालय.
कायानीहून निघते, तळ्यांच्या कडेकडेने,
लाकडाच्या वखारीपाशी थांबते, बंद पडलेल्या शाळेपाशी थांबते.
दर थांब्यावर कुणीतरी पुस्तक परत करतं
आणि कुणीतरी वेलचीचा गोड पाव पुढे करतं.
इंजेक्शनच्या दिवसांत तो पाव
फक्त एक वस्तू होता, पेपरवेटसारखा.
हिल्काबाई रुसायच्या. आवडला नाही का?
काय सांगू त्यांना, की आवडनिवड ज्या खोलीत राहते
तिला कुलूप आहे सध्या.
बावीस किलो गेले. गुडघे कुरकुरायचे थांबले.
पण स्वतःच्या वाढदिवसाचा केकही मी
अनोळखी लग्नातला असावा तसा खाल्ला.

ऑक्टोबरात ती परत आली.
शेवटच्या थांब्यावर, अंधारात,
मुदत उलटलेल्या पुस्तकांची पिशवी घेऊन,
भूक.
म्हणाली, ओळखलंस?
ओळखलं. आईच्या स्वयंपाकघरात
ताट चाटूनपुसून साफ होईपर्यंत
मला उठू न देणारी, तीच.
त्या आठवड्यात मी हिल्काबाईंचे तीन पाव खाल्ले
आणि घरी येऊन, उभ्या उभ्या, कोट न काढता, चीज.
पोटात कावळे ओरडत नव्हते,
कावळ्यांची शाळा भरली होती.

नोव्हेंबरात काटा तीन किलो पुढे सरकला.
एक आकडा आधीच ठरला होता, बाईंच्या वहीत आणि माझ्या:
इथवर आलं तर फोन. लाज वाटली तरी फोन.
दोन दिवस मी फोनभोवती घिरट्या घातल्या.
सिनिक्का, तिथली नर्स, म्हणाली, बरं झालं आत्ताच केलास.
शरीराला जुनं वजन तोंडपाठ असतं गं,
ते विसरायला वेळ घेतं. तुझा गुन्हा नाही.
मग विचारलं, झोप किती? सकाळी काय खातेस?
जड काही उचलतेस का?
मी हसून म्हटलं, पुस्तकं.
ती हसली नाही. तिने लिहून घेतलं.

आता ग्रंथालयाने बाद केलेला विश्वकोश माझ्या घरी आहे.
चार खंड डाव्या पिशवीत, चार उजव्या,
टीव्हीसमोर उठबशा काढते,
शाळेत कधी इतक्या काढल्या नसतील.
सकाळी दोन अंडी, वाटीभर घट्ट दही, काळा पाव.
हिल्काबाईंचा एक. बसून. कॉफीबरोबर.
वेलची दाताखाली येते तेव्हा
डोळ्यांत पाणी येतं, हे मी सिनिक्काला सांगितलेलं नाही.

दोन किलो उतरले. एक मुक्कामाला आहे.
जाईल, किंवा राहील. जानेवारीत बघायचं ठरलंय,
आणि लागलंच तर बाईंना विचारून
पुन्हा पेन घ्यायचं,
शिक्षा म्हणून नाही, औषध म्हणून.

भूक रोज संध्याकाळी गाडीत चढते.
मी दंड लावत नाही.
कार्ड नवं करून दिलंय, सांगितलंय, एका वेळी एकच.
मान डोलावते.
आणि उतरताना, जुनी खोड,
दुसरं हळूच कोटात सरकवते.
मला आरशात दिसतं.