दोन अंश मागे

शनिवार संध्याकाळ. बायूपलीकडे उसाचे फड पेटवलेत,
जळक्या पातीचे काळे तुकडे हवेतून येतात
आणि मालिबूच्या उघड्या इंजिनावर अलगद बसतात.
मी फुंकर घालते. पुन्हा बसतात.

छत्तीस.
बाटली बंद असताना ही गाडी छत्तीसवर खूश असते:
पिस्टन माथ्याला पोचायच्या छत्तीस अंश आधी ठिणगी,
कारण आगीलाही पसरायला अवधी लागतो
आणि आपण तो तिला आधीच देऊन ठेवायचा असतो.

पण बाटली उघडली की आगीला पाय फुटतात.
तो गार वायू आत शिरतो, तापतो, तुटतो,
प्राणवायू मोकळा करतो,
आणि जी ज्वाळा चालत यायची ती धावत येते.
तेव्हाही छत्तीसच धरून बसलं
तर उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग:
पिस्टन अजून चढतोच आहे
आणि वरून घण.

बाबांचा एक पिस्टन माझ्या बाकावर आहे.
मधोमध नाण्याएवढं भोक, कडा मेणासारख्या ओघळलेल्या.
मी त्यात वॉशर ठेवते. लहान वॉशर खालून पडतात.
त्या वर्षीपासून गॅरेजच्या दारामागे खडूनं लिहिलेलं आहे:
पन्नास घोडे वाढव, दोन अंश मागे ये.
खाली सही, ओव्हिड लँड्री,
जशी काही सरकारी नोटीस.

आज दीडशेचा जेट. म्हणजे तीस.
"बत्तीस ठेव," जारेड म्हणतो,
"फॉन्टनोनं नवी हेडं बसवलीत."
मी टायमिंग लाइट धरते, पुलीवरची पांढरी रेघ
त्या लखलखाटात जागच्या जागी थिजते.
मला हा क्षण आवडतो. एवढं सगळं गरगरत असताना
एक रेघ माझ्यासाठी उभी राहते.

मग इंधनाचा डबा उघडते, आणि वास पातळ येतो.

रेसच्या इंधनाला एक जड, गोडसर वास असतो,
लहानपणी बाबांच्या शर्टाला यायचा तो.
"जारेड, काय घातलंस यात?"
तो टायर दाबून बघतो. पुन्हा दाबून बघतो.
"निम्मं पंपावरचं. फ्रीज गेला गं, ओडील. कॉम्प्रेसर."

लोकांना वाटतं ऑक्टेन म्हणजे ताकद.
नाही. ऑक्टेन म्हणजे सोसणं.
दाबाखाली, तापाखाली, कोंडलेलं असताना
हाक आल्याशिवाय पेट न घेणं.
आमच्या आईत ते भरपूर होतं.
जारेड पहिल्यापासून पंपावरचा.

मी काही बोलत नाही. दीडशेचा जेट काढून शंभराचा लावते,
त्याच्या जोडीचा इंधनाचा जेटही बदलते,
एक पायरी थंड प्लग.
शंभराला बत्तीस, खडूचा हिशेब सांगतो.
पण खडूला आमच्या फ्रीजची काय कल्पना?
मी अठ्ठावीसवर थांबते.

दिवे पिवळे, पिवळे, हिरवे.
गाडी उठते. आवाज स्वच्छ आहे,
एकही खडा खडखडत नाही त्यात.
फॉन्टनोचं नाक अर्ध्या गाडीनं पुढे.
जुन्या धावपट्टीच्या टोकाशी दोघांचे लाल दिवे,
आणि जाहिरातीच्या फळीवर मच्छरांचा ढग.

प्लग काढते, भिंगाखाली धरते.
पट्टीवर रंग बदलल्याची रेघ बाकापासून बरीच टोकाकडे,
म्हणजे वाव होता. चिनीमाती कोरी.
चांदीसारखे ठिपके असतात ना, पिस्टनचे कण,
ते शोधत राहते. नाहीत.
तरी आठही बघते.

ट्रेलरवर साखळ्या आवळताना जारेड विचारतो,
"किती ठेवलं होतंस?"
मी पान्हे पुसते, मोठ्यापासून लहानापर्यंत.
डबा बंद करते.
मग सांगते, "अठ्ठावीस."
"आणि तीसवर?"
"तीसवर बहुतेक जिंकलो असतो."

तो मान हलवतो, म्हणजे काय ते मला कळत नाही.
त्याच्या केसांत उसाची एक जळकी पात अडकली आहे.
सांगावं की नाही, ठरवेपर्यंत
तो गाडीत बसून इंजिन सुरू करतो.