गंगेचा हप्ता

बिल्डरच्या गुळगुळीत पत्रकात ती
दर चौरस फुटाला दोनशे रुपये.
नऊशे दहा गुणिले दोनशे,
एक लाख ब्याऐंशी हजार,
नुसतं बाल्कनीत उभं राहून तिच्याकडे बघायचे.

शनिवारी दुपारी देवरेबाई आल्या,
चष्मा कपाळावर, पिशवीत विम्याचे अर्ज
आणि येता येता घेतलेली मेथीची जुडी.
पहिलाच प्रश्न: नदीपासून अंतर?
प्रफुल्ल म्हणाला, "समोरच आहे की!"
असा, जणू त्यानंच ती आणून सोडलीय.
बाईंनी जुडी बाजूला सारून काहीतरी लिहिलं.
"मग थोडं जास्त पडेल."

म्हणजे एकाच नदीचे
आम्ही दोनदा पैसे द्यायचे.
एकदा ती दिसते म्हणून,
एकदा ती येईल म्हणून.

"दुसरा मजला ना, पाणी कसलं येतंय इथवर,"
सॅम्पल फ्लॅटमधला मुलगा म्हणाला होता टाय सरळ करत.
दुतोंड्या मारुतीच्या गळ्याला लागलेलं पाणी
त्यानं पाहिलं असेल ते मोबाइलवर.
देवरेबाई विचारतात, स्कूटर कुठे लावणार?
लिफ्टची मोटर? मीटरची खोली?
आम्ही एकमेकांकडे बघतो.
खाली. सगळं खालीच.

अठ्ठावन्न लाखांचं घर
आणि विमा तीसचाच?
"जमीन बुडली तरी जात नाही कुठे.
विमा विटांचा, ताई."
आणि वरचे अठ्ठावीस?
"तो पत्ता."

मी अंबडला एका कारखान्याचं स्टोअर सांभाळते,
नट, बोल्ट, वॉशर, एकेकाची नोंद.
पण स्वतःच्या घराची यादी करताना
पेन अडखळलं.
फ्रिज लिहिला. शिलाई मशीन लिहिलं.
प्रफुल्लचा तबला, शाई उडालेला, कॉलेजातला:
बाई म्हणाल्या, घसारा धरला तर शून्य.
त्यानं माळ्याकडे असं पाहिलं
की मी गुपचूप पाचशे लिहिले.

"आणि हे बघा, नुकसान झालंच
तर पहिले दहा हजार तुमचे."
हो, बाई.
पहिले दहा हजार आमचेच असतात नेहमी.

भांडी बाजारातल्या त्र्यंबककाका तांबटांना फोन केला.
हसले. "माझे हंडे गेले, कळश्या गेल्या,
पावत्यांचं कपाटसुद्धा गेलं.
कंपनी म्हणे, पावत्या दाखवा.
म्हटलं, गंगेकडे मागा, तिनं जपून ठेवल्या असतील."
मग खोकला, आणि हळूच:
"घे पोरी. पण पावत्या बहिणीकडे ठेव,
इंदिरानगरला, उंचावर."

रात्री वही.
कर्जाचा हप्ता, मेंटेनन्स, दूध, मुलांचे क्लास,
सोसायटीचा सामायिक विमा वेगळाच,
त्यातला आमचा वाटा अजून कुणी सांगितलेला नाही.
आमचा स्वतःचा वर्षाला साडेपाच हजार.
भागिले बारा: चारशे अठ्ठावन्न रुपये तेहतीस पैसे.
कुठून काढायचे?
केबल आधीच बंद. इस्त्री घरीच.
रकान्यात "विमा" लिहायला गेले
आणि लिहून बसले "गंगा".
"हप्ता?" प्रफुल्लनं वाकून पाहिलं,
"गल्लीतल्या दादाला देतात तसा?"
तसाच. आणि ही दादा तर
पावतीही देत नाही.

रविवारी सकाळी आम्ही चौघं गंगेवर गेलो,
अंतराची चौकट कोरी होती अजून.
फाटकापासून पाण्यापर्यंत पावलं मोजली.
त्याची दोनशे बारा भरली, माझी दोनशे साठ,
धाकटीची मोजता मोजता चुकली.
नदी खाली, पाणवेलींच्या हिरव्या गोधडीखाली,
धुणं वाळत टाकून झोपलेल्या बाईसारखी.
एक बगळा तिच्यावर चालत होता, पाय न भिजवता.
अर्जात मी त्याचा आकडा लिहिला.
स्टोअरमधली सवय: कमी ते खरं धरायचं.

परतताना नेहमीच्या मिसळीच्या दुकानात थांबलो.
चौघांची मिसळ, ताक धरून,
चारशे साठ होते तिथे. इतकी वर्षं
हा हिशेब मी कधी केला नव्हता.
पोऱ्यानं फडकं मारत विचारलं, "चार?"
आम्ही म्हटलं, दोन.
पाव जास्तीचे.