शेपटीकडची जागा

धुक्याचा तिसरा दिवस.
धावपट्टी म्हणजे नदीकाठची खडी, तीही दिसेना,
म्हणून टपालाचं विमान शाळेमागे दोरांनी बांधलेलं
आणि वैमानिक बाई, ऑडा टोरकेल्सन,
तिसरीच्या वर्गात, झोपायच्या पिशवीत.
जनरेटर माझ्याकडे असतो.
डिझेल किती उरलंय ते मी कुणाला सांगत नाही.

संगणकाच्या खोलीत वासिली.
वय अकरा, नाक वाहतंय,
विमानं बांधायच्या खेळात त्याचं पहिलं विमान.
यादीतून उचलायचं, चिकटवायचं:
एक पोट, दोन पंख, इंजिनं सहा
कारण फुकट होती,
आणि दिवे इतके की आख्ख्या गावात नसतील.

बटण दाबलं.
विमानानं आधी शेपूट टेकलं,
मग नाक वर करून बसलं
तुकडा मागणाऱ्या कुत्र्यासारखं,
आणि उलथं पडून पेटलं.

पुन्हा बांधलं. पुन्हा पेटलं.
चौथ्यांदा चाक वाकडं.
पाचव्यांदा पंख उलटा, हे पंख गळून पडल्यावर कळलं.
सहाव्यांदा काय झालं ते मी पाहिलं नाही,
फिल्टर बदलायला गेलो होतो,
पण आवाज तोच.

ऑडा मागे उभी, हातात सॅमनचं सूप.
बावीस वर्षं ती कुस्कोक्विमवर उडतेय:
डायपर, कांदे, शवपेट्या, शिक्षक,
एकदा जिवंत शेळी.
तिला पहिल्याच फेरीला दिसलं असणार.
बोलली नाही. सूप संपवलं, वाटी पुसली,
मग विचारलं, "आत काय नेतोयस?"

"आई."

त्याची आई बेथेलला आहे.
आमच्याकडच्या बायकांना बाळंतपणाच्या महिनाभर आधी
नदीखालच्या त्या गावी जाऊन थांबावं लागतं,
दवाखान्याजवळ, अनोळखी बायकांसोबत.
विमान मिळेल तेव्हा जायचं,
विमान मिळेल तेव्हा यायचं.

"आणि ही पेटी?"
"बाळ. वजन माहीत नाही,
म्हणून सगळ्यात जास्त ठेवलंय."

ऑडानं पडद्यावर बोट टेकवलं.
पिवळा ठिपका, भार इथे.
निळा ठिपका, पंख उचलतात ते इथे.
"पिवळा पुढे हवा, निळा त्याच्या जरासा मागे.
आईला पुढे बसव."

"नाही. तिला शेवटचीच खिडकी लागते.
तिथून नदी दिसते."

अशा वेळी मोठी माणसं समजूत काढतात.
ऑडानं खुर्ची ओढली.
"मग पंख मागे ने.
आणि छपरावर चढव, खिडकीच्या आड येतील नाहीतर."

तासभर दोघं कुजबुजत होती.
पंख पाठीवर चढले, मागे सरकले,
मागोमाग चाकं.
चार इंजिनं काढली. दिवे ठेवले.
झालं ते भलतंच कुरूप:
लांब मानेचं बदक,
पंख ढुंगणाशी फुटलेलं.

उडालं.
खडी संपता संपता, जेमतेम,
पण उडालं,
आणि वासिलीला नाक पुसायचंही सुचेना.
उतरवायचं कसं ते त्याला येत नव्हतं,
म्हणून ते खेळातल्या नदीवर
घिरट्या घालत राहिलं.

सकाळी धुकं उठलं.
टपालाची गोणी, सुक्या माशांच्या दोन पेट्या,
त्यातली एक त्याच्या आईसाठी.
ऑडा दार लावणार, तेवढ्यात वासिली म्हणाला,
"मागे जड होतंय."

ती थांबली.
विमानात डोकावली, त्याच्याकडे पाहिलं,
आणि एक पेटी हातभर पुढे ओढली.
गरज होती का, मला माहीत नाही.

शाळेत परतलो तर पडदा चालूच.
रात्रभर फिरतंय ते, दिव्यांसकट.
त्या खेळात इंधन संपत नाही.
माझ्याकडे संपतं.
जनरेटर बंद करायची वेळ झाली होती.
केला,
पण दुपारी.