करंगळीची शाई

गुरुवारी रात्री दहाला वेनिंग येते,
खांद्यावर म्हाताऱ्या मालकाचे सात दिशदाशे.
फरवानियात थंडी आहे, लोक राखाडी लोकर घालून हिंडतात,
म्हातारा मात्र पांढऱ्याचाच हट्टी.

आमची बोली म्हणजे मोडकी अरबी, बाकी हातवारे.
एकदा तिनं विचारलं, हे दिवसभर करतोस ते काय?
म्हटलं, इस्त्री.
ती इतकी हसली की हातातलं टोकन पडलं.
तिच्याकडे इस्त्री म्हणजे बायको.
तापवायची, फिरवायची, वायर जळेस्तोवर कोणी बघायचं नाही,
हे ती म्हणाली की मी, आता आठवत नाही.

मग शब्द सापडतच गेले,
धुवायला आलेल्या खिशांत सापडतात तसे.
सुका, दुका. मंत्री तिकडेही मंत्रीच.
आपला दुष्ट तेवढा समुद्र ओलांडून दुस्ता झाला,
म्हणजे नुसती थाप.
म्हटलं, बोटीत बसला की माणूस थोडा सुधारतो.

कपडे होईस्तोवर ती फोनवर मालिका बघते.
सासूच्या तोंडावर कॅमेरा तीनदा आपटतो,
ते मला भाषेवाचून कळतं.
मोलकरीण बोलली की मागून हशा.
का, तर ती 'मी'ला 'इन्योंग' म्हणते,
वेनिंगच्या गावाकडे म्हणतात तसं.
मी सांगितलं, आमच्या नाटकात गडी 'मले' म्हणाला
की पुढच्या रांगा खुर्च्या बडवतात.
माझी माय 'मले' म्हणते.
वेनिंगनं मालिका बंद नाही केली,
आवाज कमी केला.

निवडणूक आली. उमेदवार नाचायला लागले.
तिच्या पोराला तो नाच पाठ आहे,
पक्ष कुठला ते विचारलं तर म्हणतो, नाचाचा.
मतदानाआधी पहाटे दार वाजतं तिकडे,
तांदूळ, तेल, पाकीट.
त्याला म्हणतात पहाटेचा हल्ला.
आमच्याकडे लक्ष्मीदर्शन, मी म्हटलं,
आम्ही जरा भाविक.
तिची आई तिघांचंही घेते. मत कुणाला?
आईची तीन गुपितं आहेत, त्यातलं हे एक.

मतदान शनिवारी, वकिलातीत.
बाईनं दोन तास सोडलं, दोनाचे अडीच नकोत म्हणून.
बटण नाही, शिक्का नाही,
तिकडे कागदाला खिळा मारतात.
फोमच्या तुकड्यावर कागद, दोरीनं बांधलेला खिळा,
आणि हसऱ्या फोटोच्या आरपार भोक.
केवढ्यानं मारलास? मी विचारलं.
तिनं टेबलावर मारून दाखवलं, कात्री उडाली.

मताला तिकडे सुआरा म्हणतात. आवाजालाही सुआराच.
आपलाच स्वर तो, इतका लांब जाऊन कामाला लागलेला.
माझं नाव मूर्तिजापूरच्या शाळेत, खोली नंबर दोनमध्ये आहे.
अकरा वर्षं मी तिथं गैरहजर.
माझ्या नावानं कोणी दाबत असेल तर
निदान विचार करून दाबो.

त्याच रात्री ती आली, वार नसताना.
एकच दिशदाशा, बाहीवर जांभळा ठिपका.
परतली तेव्हा म्हातारा जिन्यात झोकांड्या खात होता,
तिनं दंडाला धरून सावरलं,
करंगळी ओलीच होती.
तो वाचला. बाही नाही वाचली.
बाईला अजून दिसलेलं नाही.

लिंबू लावलं, मीठ, मग ते निळ्या बाटलीतलं,
जे हातमोजे घालून वापरायचं असतं आणि मोजे नसतात.
ठिपका जांभळ्याचा वांग्याच्या फुलासारखा झाला
आणि तिथंच बसला.
ती दोन हात धुवत होती, पुन्हा पुन्हा,
जणू तिकडचं गेलं तर इकडचंही जाईल.
पाच वर्षांनी एकदा लागणारी शाई, म्हटलं,
ती कशाला ऐकते.

कासारगोडचा आमचा मालक गल्ला मोजत होता.
डाग कुणी पाडला याचा हिशेब इथं पगारातून होतो,
तिच्या नाहीतर माझ्या.
मी पावती फाडली.
नग एक. डाग जुना, येतानाच होता.
वेनिंगला वाचता आलं नाही, म्हणून वाचून दाखवलं.
ती म्हणाली, दुस्ता.
आणि करंगळी ओढणीत गुंडाळून
बाहेरच्या थंडीत गेली.