डावं-उजवं

बाकावर जुना टॉवेल अंथरून ठेवलेले दोन टर्बो.
एकाचं चाक त्रेसष्ट मिलिमीटर,
दुसऱ्याचं साडेचौसष्ट.
गव्हाच्या दाण्याची अर्धी रुंदी,
तेवढ्यासाठी थोरा एंगेब्रेटसन आठवडाभर भांडते आहे
माझ्याशी, कंपनीच्या कागदांशी,
गार झालेल्या कॉफीशी.

"दोन्ही सारखेच," मी म्हणतो,
"पस्तीस पौंड दाब, साडेचारशे घोडे."
"घोडे माझ्याकडे आहेत, लेव्हर्न.
मला वासरं न्यायचीत."

मग बोटानं फिरवत बसतो आम्ही,
कधी हा, कधी तो.
इंजिननं टाकून दिलेल्या श्वासावर
मिनिटाला लाख फेरे घेणारी वस्तू,
बाकावर कशी शंखासारखी गप्प.
छोटा लवकर जागा होतो.
मोठा उशिरा, पण उठला की
पांघरूण भिरकावूनच उठतो.
मला तो आवडला होता. बोललो नाही.

घोडामैदान जवळच होतं:
गावाबाहेरचा सातमैली चढ,
ऑक्टोबरातला, कडेला पहिल्या बर्फाचं खरकटं.
शनिवारी त्रेसष्ट बसवला.
रविवारी, चर्च सुटल्यावर, साडेचौसष्ट.
ट्रक तोच, ट्रेलर तोच,
तीच एकवीस वासरं,
ज्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

धुराचं तापमान : बाराशे दहा. बाराशे.
माथ्यापर्यंत : नऊ मिनिटं चार सेकंद.
आठ मिनिटं एकोणसाठ.
पाच सेकंद! एवढे तर मोंटानाचा वारा
जाता-येता खिशात घालतो.
"काहीच ठरलं नाही," म्हणत मी वहीत रेघ मारली.

थोरा केव्हाच खाली उतरली होती.
ट्रेलरच्या पत्र्यावर तळहात ठेवून उभी,
जसं तापलेल्या कपाळावर ठेवतात.
"काल मागून आवाज नव्हता," ती म्हणाली.
"आज दुसऱ्या वळणावर जोर आला
आणि सगळ्यांचे खूर एकदम मागे घसरले.
मला सीटमध्ये कळलं."
फटीतून पाहिलं : मागच्या एकाचा
गुडघा सोलला होता. ते रडत नव्हतं.
नुसतं पाय रुंद करून उभं होतं,
पुढच्या धक्क्याची वाट बघत.

माझ्या वहीत याला रकाना नव्हता.
मी एक आखला.
वर काय लिहू ते सुचेना.
"पाय," ती म्हणाली. "पाय लिही."

त्रेसष्ट गेला तिच्याबरोबर.
साडेचौसष्ट अजून माझ्या फळीवर आहे,
चिंधीत गुंडाळलेला.
वाईट नाही तो. एखाद्या रात्री
दुकान बंद करून, माझ्या रिकाम्या ट्रकला लावून
त्याच चढावर नेईन त्याला,
काच खाली करून,
मागे कुणीही उभं नसताना.