हवा

पोवई नाक्यावरून निघताना ठरलं होतं,
वीस पावलांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही.
मोळाचा ओढा मागे पडेतो
तू ठिपका झाला होतास.

एवढ्या वर्षांत तुझी पाठ इतका वेळ कधी पाहिली नव्हती.
उजवा खांदा उतरलेला,
तहसील कचेरीत एकाच काखेत फायली वाहून,
आणि शर्टावर घामाचा नकाशा,
कुठला तालुका ते ओळखू येत नाही.

ओझ्याची वाटणी घरीच झाली होती:
पंप, पान्हे, जादा ट्यूब तुझ्याकडे,
भाकरी, कारळ्याची चटणी आणि औषधं माझ्याकडे.
म्हणजे चाक बसलं तर मी तुझ्यावाचून अडणार
आणि भूक लागली की तू.

मेढ्यात तू आधी पोचून वडा संपवलेला.
"किती वाट बघायची?"
"मग एकटाच यायचंस."
यानंतर दोघांनी चहा बशीत ओतला
आणि मुकाट प्यायलो.
हॉटेलवाल्या बाईनं विचारलं, "गाडी न्हाई का वो तुमच्याकडं?"
"आहे की," तू म्हणालास, "घरी उभी आहे."
तिनं माझ्याकडं असं पाहिलं
की न मागता माझ्या बशीत आणखी चहा आला.

वेण्णेकाठची भातं कापून झाली होती.
खाचरांत नुसते सड, आणि गवताचे भारे
पाठीला पाठ लावून बसलेले,
आपल्यासारखेच, आत्ता.

केळघर सुटलं आणि घाट लागला.
दुसऱ्या वळणावर मी तुला गाठलं,
तिसऱ्यावर मागे टाकलं.
ठरवून नाही रे. गुडघा तुझा, मर्जी त्याची.

पाचव्या वळणावर कठड्यावरून खाली वाकले.
तू उतरला होतास.
सायकल ढकलत चालला होतास, एक पाय ओढत,
आणि मध्येच मान वर करून बघत होतास
मी बघतेय का ते.

मी पटकन कठड्याआड बसले.

बढती हुकली त्या संध्याकाळी
तू अंधार पडेपर्यंत मंडईत हिंडून
मेथीच्या तीन जुड्या घेऊन आला होतास.
मी काही विचारलं नव्हतं.
दोघंच तर होतो घरात, तरी
तिन्ही जुड्या निवडत बसले होते.

शेवटच्या वाकणावर तू पुन्हा सीटवर बसलास,
ते चेनच्या कुरकुरीवरून कळलं मला.
तू आलास तेव्हा मी मागच्या चाकाशी उकिडवी.
"हवा कमी वाटतेय," म्हटलं.

तू अंगठ्यानं टायर दाबलास.
दगड होता नुसता.
माझ्याकडे पाहिलंस.
कठड्यावरचं वानरही भाकरीच्या पिशवीवरची नजर काढून
क्षणभर आपल्याकडे बघत राहिलं.

"हं," तू म्हणालास, "जराशी कमी आहे."
आणि सावकाश पंप काढलास, सावकाश नळी लावलीस,
दुखरा पाय लांब करून बसलास सावलीत,
चाळीस दट्टे मोजून मारलेस, मोठ्यानं.
मी भाकरी सोडली.
घामाचा नकाशा वाळेपर्यंत
कुणालाच घाई नव्हती.

पुढे महाबळेश्वरपर्यंत
त्या टम्म चाकावर
रस्त्यातला एकूण एक खडा
मला कळत होता.